हॉलमध्ये तीन फुटी रीफ टँक लावायचाय. जाणकारांनी कान धरावेत

पाणथळ (पुणे)

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक आमच्याकडे बरीच वर्षं आहे. तो आता आपला आपण चालतो. हॉलमधला अवाढव्य टीव्ही गेला, भिंत मोकळी झाली आणि खाऱ्या पाण्याचं खूळ डोक्यात शिरलं. ३ × १.५ × १.५ फुटांची काच, खाली कपाटात संप (पाणी गाळून परत वर पाठवायची दुसरी टाकी), असा बेत आहे. व्हिडिओ बघून बघून डोळे दुखायला लागलेत, पण ते सगळे लोक थंड देशांतले. त्यांची काळजी हीटरची, माझी एप्रिल-मेची.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का? चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) खरंच लागतो की दुकानदार गळ्यात मारतोय? नेहमीच्या दुकानातला माणूस म्हणतो, "साहेब, फांद्यांचे रंगीत कोरल मिळवून देतो, फक्त फोटो कुठे टाकू नका." हे शेवटचं वाक्य ऐकून जरा चरकलो. म्हणून हा धागा.

चहाबाज

आधी खायचा की बघायचा ते ठरवा. खाऱ्या पाण्यातलाच हवा असेल तर सुरमई घ्या, टँक लागत नाही.

खारेपाटण (ठाणे)

चहाबाज 😄

पाणथळ, चरकलात ते बरं झालं. आधी तेच मिटवतो, कारण टँकचा सगळा आराखडा त्यावर ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी खडकाळ, म्हणजे रीफ बांधणारी प्रवाळं आहेत. त्यांच्यासोबत काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्यातच. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची रांग. किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद. दुकानदार फोटो टाकू नका म्हणतो ते उगाच नाही.

मेलेल्या प्रवाळाचा सांगाडासुद्धा यात धरला जातो. त्यामुळे बाजारात 'लाइव्ह रॉक' म्हणून जे विकतात त्यापासूनही लांब राहा, तो बहुतेक प्रवाळाचा सांगाडाच असतो. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला खडक घ्या. सिमेंटचा असेल तर पाणी बदलत काही आठवडे भिजत ठेवा, नाहीतर पीएच आभाळाला भिडतो. माशांची घाण पचवणाऱ्या बॅक्टेरियांना तुमचा खडक कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं, त्यांना फक्त छिद्रं लागतात.

मग उरतं काय? पुष्कळ. मासे, कोळंब्या, गोगलगाई, खडकावर चढणारं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ. झोअँथिड (गुच्छाने वाढणारे, बटणासारखे जीव) आणि मऊ प्रवाळांतले लेदर, झेनिया वगैरे त्या यादीत नाहीत, पण तेही समुद्रातून ओरबाडलेले नकोत. एखाद्या छंदवाल्याच्या टाकीत वाढलेला तुकडा बघा, आणि घेताना बिल आणि कुठून आला ते लेखी मागा. जो द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडून घेऊ नका. व्हिडिओतला फांद्या-फांद्यांचा अक्रोपोरा आपल्याकडे नाही, हे मनाशी एकदा पक्कं केलंत की निम्मा खर्च आणि निम्मं डोकं वाचतं.

पाण्याबद्दल रात्री लिहितो.

पाणथळ

वाघाची रांग! दुकानदाराला आजच नाही सांगतो. वाट बघतोय.

काँक्रीटकाका

मासे जाणकार सांगतील, मी वजन सांगतो. तुमची टाकी काठोकाठ साधारण १९० लिटर. १० मिमी काचेचं वजन चाळीसच्या वर, रेती-खडक चाळीसेक, संपमधलं पाणी पन्नास-साठ, वर स्टँड. एकूण पावणेचारशे किलो धरा. हे सगळं ०.४२ चौरस मीटरवर. राहत्या खोलीच्या स्लॅबचं डिझाइन आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरून करतात. हा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेला असतो, त्यामुळे लगेच घाबरू नका, पण टाकी खोलीच्या मध्यावर नको. बीम ज्या भिंतीखाली आहे तिला चिकटून लांबी ठेवा. बाल्कनी, विशेषतः बाहेर काढलेली, अजिबात नको. इमारत जुनी असेल किंवा सळया फुगून प्लास्टर सुटलेलं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

स्टँड पार्टिकल बोर्डाचा नको. खारट ओलाव्याने तो फुगतो. मरीन प्लाय, सगळ्या कडा सील करून. आणि टाकीखाली लेव्हल लावून बघा, पावणेचारशे किलो चढल्यावर सरकवता येत नाही.

खारेपाटण

काका, वाचनखूण साठवली. हे आमच्याकडे कुणी सांगत नाही.

आता पाणी. घरच्या आरओमध्ये हल्ली टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं काडतूस असतं, ते पाणी पिण्यासाठी चवदार करतं. आपल्याला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य हवेत. टँकरचं पाणी असेल तर त्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट पुढे केसाळ शेवाळ बनून उगवतात. आरओच्या मेम्ब्रेननंतर मिनरलचा भाग वगळून नळी काढायची आणि तिला डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार शोषणारं) काडतूस जोडायचं. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की दिसतं. आरओचं फेकलेलं पाणी बादलीत धरा, फरशीला होतं.

मीठ म्हणजे रीफसाठीचं तयार मिश्रण, ट्रॉपिक मरीन, रेड सी वगैरे. स्वयंपाकाचं नाही, खडेमीठही नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज कॅल्शियम ४०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) पुढे, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि बायकार्बोनेट असतं, ते सगळं त्या पिशवीत असतं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्याला तुम्हाला सात-आठ किलो लागेल. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतो.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगणारं काचेचं किंवा प्लास्टिकचं खेळणं नको. आणि ते नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका, बरीच स्वस्त यंत्रं शून्याला बरोबर आणि पस्तीसला चूक दाखवतात. ९६३.५ ग्रॅम शून्य टीडीएस पाण्यात ३६.५ ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ विरघळवलं की त्याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग) समुद्राच्या पाण्याएवढा येतो. थेंब टाका, ३५ वर स्क्रू फिरवा. बाटली झाकून ठेवली की हेच द्रावण पुढेही कामाला येतं.

देवबागकर (मालवण)

इतकं मीठ कशाला विकत घेता, समुद्र आहे ना, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणून मीच आधी लिहितो. नका. पावसात खाडीतोंडाचं पाणी मचूळ होतं, हे इथलं बारकं पोरही सांगेल. जून ते सप्टेंबर गाळ आणि गोडं पाणी, बाकीचे महिने बंदराजवळ बोटींचं डिझेल. आत खोल पाण्यात जाऊन, दिवाळीनंतर, भरतीला काढलं तर चांगलं मिळतं, पण ते पुण्याला न्यायचं, गाळायचं, दर आठवड्याला? मग मीठच स्वस्त.

रेतीचं तर मुळीच मनात आणू नका. रत्नागिरीकडच्या काळ्या रेतीत इल्मेनाइट असतं, ते लोहचुंबकाला चिकटतं. काच घासायच्या चुंबकात एक कण अडकला की टाकीवर कायमची रेघ.

आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सागरी अभयारण्याचा पट्टा १९८७ पासून संरक्षित आहे. पर्यटक आले की पिशवीत "आठवण" म्हणून खडे टाकतात. आमच्याकडची प्रवाळं आधीच गाळाने, जाळ्यांनी आणि गरम पाण्याने बेजार आहेत. बघायचं असेल तर या, ओहोटीला खडकावरच्या डबक्यात तासभर बसा. तुमच्या टाकीपेक्षा जास्त दिसेल, सांगून ठेवतो.

तटस्थ

देवबागकरांशी सहमत. मुळात समुद्रातले मासे दिवाणखान्यात हवेतच कशाला? बहुतेक समुद्री शोभेचे मासे अजूनही जंगली, म्हणजे समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपाइन्स-इंडोनेशियात सायनाइड मारून बधिर करून धरत, हे जगजाहीर आहे. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि घरी आणल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत मरतो. आपण त्याला "पाणी मानवलं नाही" म्हणतो.

रेणुका_ऐ

तटस्थ, मुद्दा खरा आहे, पण सरसकट नाही. क्लाउन मासे पूर्णपणे बंदिस्त जागेत वाढवता येतात, आणि आपल्याच देशात. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यावर बरंच काम केलंय. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशन आणि एनबीएफजीआरने (राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो) मिळून शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली आहे. हॅचरीचा क्लाउन पहिल्या दिवसापासून कोरडं खाणं खातो, जंगली बऱ्याचदा तोंडही लावत नाही.

जोडी कशी जमवायची तेही सांगते, कारण दुकानात "हा नर, ही मादी" म्हणून जादा पैसे घेतात. क्लाउनची पिल्लं सगळी नर होऊ शकणारीच. दोन लहान, पण एक दुसऱ्याहून थोडा मोठा, असे घ्या. मोठा वरचढ होऊन मादी बनतो, लहान नर राहतो. पुढे मादी मेली तर नर मादी होतो. उलट कधी होत नाही, म्हणून दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक मरेपर्यंत मारामारी. लहान मासा थरथरत आडवा पडून दाखवतो, तो आजारी नसतो. शरण आलेला असतो.

तटस्थ

हॅचरीचं मान्य. बाकीच्या माशांचं काय, हा प्रश्न उभाच आहे.

रेणुका_ऐ

आहे. म्हणून मी स्वतः यादी लहान ठेवा म्हणेन. क्लाउनची जोडी, बंदिस्त पैदाशीचा बंगाई कार्डिनल मिळाला तर तो, एखादा छोटा ब्लेनी. १९० लिटरला एवढं भरपूर. निळा टँग नको, तो फूटभर होतो. मँडरिन तर नकोच. तो जिवंत कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) वेचून खातो आणि नव्या टाकीत ते नसतात, रंगीबेरंगी राहूनच उपाशी मरतो.

एडिसनची_मेधा

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडे संप बेसमेंटमध्ये, हिवाळ्यात दोन हीटर, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल गप्प बसते. पण इथे खडकाळ प्रवाळांचे टाकीत वाढवलेले तुकडे क्लबमध्ये सर्रास अदलाबदल होतात, त्यामुळे कॅल्शियमचं रोज बघावं लागतं. मी चुन्याची निवळी वापरते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला दीड-दोन ग्रॅम, ढवळून झाकून ठेवायचं, साका बसला की वरचं निवळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. रात्री अशासाठी की तेव्हा टाकीचा पीएच उतरतो आणि निवळीचा १२ च्या वर असतो. एकदम ओतली तर टाकी दुधासारखी पांढरी होते आणि मासे जातात. विड्याच्या पानाचा चुना रसायन म्हणून तोच, पण त्यात काय काय मिसळलंय कुणाला ठाऊक, शुद्ध पावडर घ्यावी.

पाणथळ, डिसेंबरात पुण्याला येतेय. दोन-चार तुकडे ओल्या टॉवेलात गुंडाळून आणू का? 😉

खारेपाटण

मेधाताई, डोळा मारलात तरी उत्तर देतो, कोणीतरी खरंच आणेल म्हणून. नको. खडकाळ प्रवाळं साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कागदांशिवाय सीमा ओलांडली की गुन्हा, आणि इथे उतरल्यावर वर लिहिलेला कायदा वाट बघत असतो. चितळेंची बाकरवडी न्या, आणू काही नका.

निवळीचं वर्णन झकास. पण पाणथळना ती सध्या लागणार नाही. खडकाळ प्रवाळच नाही म्हटल्यावर कॅल्शियम खाणार कोण? कोरलाइन शेवाळ आणि गोगलगाई थोडं घेतील, ते दर आठवड्याच्या दहा टक्के पाणी बदलण्यात भरून निघतं. अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (तिचं एकक) राहतेय का एवढं बघा. दुकानदार डोसिंग पंप दाखवेल, पैसे चिलरसाठी ठेवा.

हो, चिलर लागतो. पुण्यात हवा कोरडी म्हणून पंख्याने दोन-तीन अंश उतरतं, ठाण्या-मुंबईत दमटपणामुळे तेही नाही. टाकी २५-२६ वर ठेवायची आणि मेमध्ये हॉल ३५ वर, तर पंखा कुठवर पुरणार? शिवाय पंखा रोज चार-पाच लिटर पाणी उडवतो, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने भरायचं, त्यासाठी फ्लोट लावलेला छोटा पंप मिळतो. चिलर बंद कपाटात कोंबू नका. तो जी उष्णता काढतो ती खोलीतच टाकतो.

पाणथळ

विजेचं बिल साधारण?

खारेपाटण

वॉटवर हिशेब करा. रिटर्न पंप (संपचं पाणी वर चढवणारा), स्किमर (फेसातून घाण काढणारा), वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा) मिळून ६० वॉट चोवीस तास, लाइट १०० वॉट नऊ तास. दिवसाला अडीच युनिटांच्या आत, महिन्याला सत्तरेक. उन्हाळ्यात चिलर त्यावर पन्नास-साठ चढवतो. सुरुवातीचा खर्च सगळं धरून लाखाच्या पुढे जाईल ही तयारी ठेवा. दुसऱ्या हाताची काच आणि स्किमर चांगलं मिळतं, लाइट आणि चिलर मात्र नवा घ्या. जुन्या टाकीत तांब्याचं औषध वापरलं असेल तर ती टाकी नको, तांबं कोळंब्या आणि गोगलगाईंचं विष आहे. प्लंबिंगला पितळी नळही याच कारणाने नको.

काँक्रीटकाका

वीज गेल्यावर संप ओसंडतो असं ऐकून आहे. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले आहेत ना?

खारेपाटण

काका, नेमकं बोट ठेवलंत. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये सोडणाऱ्या कप्प्याच्या) दातांपर्यंत खाली येतं, आणि रिटर्नचा पाइप उलटा सायफन होऊन आणखी ओढतो. या टाकीत पाणी एक सेंटीमीटर उतरलं तरी सव्वाचार लिटर होतात. तीन-चार सेंटीमीटर आणि पाइपांतलं मिळून २० लिटरच्या आसपास संपमध्ये येणार. उपाय असा. रिटर्नच्या तोंडाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं जाऊ न देणारा) विसंबू नका, त्यात शेवाळ अडकतं. पहिल्या दिवशी, मीठसुद्धा घालण्याआधी, साधं पाणी भरून मेन स्विच बंद करा आणि संपसमोर बसून बघा पाणी कुठे थांबतं. मग पंप पुन्हा चालू करा, पाणी खाली जाऊन जिथे स्थिर होईल तिथे काचेवर मार्करने रेघ. त्या रेघेच्या वर संप कधीच भरायचा नाही.

गुरुवारी दिवसभर वीज जाते त्यासाठी: चिलर-लाइट सोडून द्या, वेव्हमेकर मात्र इन्व्हर्टरवर ठेवा. मासे अंधाराने मरत नाहीत, ऑक्सिजन संपून मरतात.

पाणथळ

पाण्याची चाचणी लिहून घेतली. आता सायकलिंग, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत उपयोगी बॅक्टेरिया रुजवणं. आमच्याकडे एक नातेवाईक म्हणतात चार स्वस्त डॅमसेल मासे सोड, त्यांच्यावर टाकी तयार होईल. दुसरा सल्ला, खडक आधी खळखळून उकळून घे म्हणजे जंतू मरतील.

रेणुका_ऐ

उकळायचं नाही!! नवा सिरॅमिक खडक असेल तर गरजच नाही. आणि पुढेमागे कोणाच्या टाकीतला खडक आणलात तर त्यावर पॅलिथोआ (झोअँथिडांपैकीच एक) असू शकतो. त्यात पॅलिटॉक्सिन असतं, माहीत असलेल्या अतिशय जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. खडक उकळल्यावर वाफेतून ते घरभर पसरून अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. झोअँथिड कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात नको.

देवबागकर

बाप रे. हे माहीत नव्हतं.

खारेपाटण

रेणुका, हे दुकानात पाटी लावून सांगायला हवं.

डॅमसेलही नको. अमोनियात मासा जाळून टाकी तयार करणं क्रूर, आणि जगला तर पुढे क्लाउनला टाकीत टिकू देत नाही. पकडायला गेलात तर सगळा खडक उपसावा लागतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या प्रतीचं अमोनियम क्लोराइड घ्या. कल्हईवाल्याकडचा नवसागर तोच, पण अशुद्ध. २०० लिटरला सव्वा ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम होतो. सोबत बाटलीतले बॅक्टेरिया. अमोनिया खाणारे आधी रुजतात, मग नायट्राइट चढतं, ते खाणारे सावकाश येतात, शेवटी नायट्रेट. अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. या काळात लाइट बंद ठेवा, उगाच शेवाळाला निमंत्रण.

मग लाइट लागला की रेती आणि काच तपकिरी होईल. बोट फिरवलं की भुकटीसारखं उठतं. ते डायटम, सिलिकेट संपलं की जातात. औषध टाकू नका. लालसर-जांभळ्या चादरीसारखं, सोललं की तुकड्याने निघणारं असेल तर ते सायनोबॅक्टेरिया. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा आणि खाणं कमी करा. हिरवे केस आले की टर्बो गोगलगाई. पहिल्या सहा महिन्यांत टाकी कुरूप दिसतेच. अ‍ॅनेमोनी (समुद्रफूल) या काळात अजिबात नको, तो क्लाउनला लागत नाही आणि पंपात चिरडला तर अख्खी टाकी नासवतो.

चहाबाज

सहा महिने कुरूप, लाखभर खर्च, घरात जहाल विष. वहिनींना हा धागा दाखवलात का?

पाणथळ

तिनेच वाचला. तिचं एकच म्हणणं, स्किमरचा वास येणार असेल तर कपाटाला दार हवं.

आरओला डीआय जोडून झालंय. टीडीएस मीटर दोन दाखवत होता, पहिलं पाणी फेकून दिलं, आता शून्य आहे. सुतार रविवारी येतोय.

खारेपाटण

दार लावा, पण मागची बाजू उघडी ठेवा, दमट हवा बाहेर जायला हवी. आणि सुतार यायच्या आत स्किमरची पूर्ण उंची मोजा, त्यावर कप वर उचलून काढायला आणखी वीतभर जागा सोडा. कप काळ्या-हिरव्या पाण्याने भरतो आणि तो तिरका न करता बाहेर यायला हवा, नाहीतर ते पाणी थेट संपमध्ये. आणि संपमध्ये स्किमर उभा राहतो तिथलं पाणी सात-आठ इंचांपेक्षा जास्त खोल नको, त्या हिशेबाने काचेचा आडवा पडदा कापून घ्या. माप इथे टाका, काच कापायला देण्याआधी बघतो.

पाणथळ

स्किमर २० इंच, कपाट आतून २६. रविवारी सकाळपर्यंत बदल सांगू शकता.

खारेपाटण

२६ कमी पडेल. संपच्या तळाची काच, खालचा फोम आणि वरची फळी वजा केलीत की हातात जेमतेम २४ उरतात. ३० करा.